तळं, झाडी आणि डिस्क गोल्फ: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मोकळ्या मैदानावर दोन-तीन महिने डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी चकती, म्हणजे डिस्क, फेकत बास्केटपर्यंत न्यायचा खेळ) खेळून हात जरा बसला की माणसाला थोडी चढतेच. मग कुणीतरी त्याला झाडीतल्या कोर्सवर घेऊन जातं. पहिल्या टीवरून, म्हणजे फेकीच्या ठरलेल्या जागेवरून, टाकलेली डिस्क पंधरा पावलांवरच्या ओकवर ठक्कन आपटते आणि जवळजवळ आपल्याच पायाशी परत येते. दुसरी तळ्यात जाते. माझ्या अशा पहिल्या फेरीत अठरा होलमध्ये (टी ते बास्केट हा एकेक टप्पा म्हणजे होल) तीन डिस्क गेल्या. दोन पाण्यात गेल्या, तिसरी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, झाडी आणि तळी दोन्ही मुबलक, त्यामुळे असे कोर्सही भरपूर. त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं म्हणजे वुस्टरजवळच्या लेस्टर गावातलं मेपल हिल. ही मुळात ख्रिसमसच्या झाडांची शेती. दर सप्टेंबरच्या सुमाराला तिथे एमव्हीपी ओपन ही व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरते, आणि तिच्या चित्रफितींमध्ये पहिल्याच होलला समोर तळं दिसतं. घाबरू नका, तिथे एकाच होलला वेगवेगळ्या रंगांच्या टी आहेत आणि नवख्यांनी व्यावसायिकांच्या सोनेरी टीवर जायचं कारणच नाही. पैसे भरून खेळायची जागा आहे ती. बाकी अमेरिकेतले सार्वजनिक बागांमधले कोर्स बहुधा फुकट असतात.

ज्यांना खेळच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क टाकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. असं करत साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये ती पाडायची. कमीत कमी फेकींमध्ये जो पोचेल तो पुढे. हे बास्केट शोधून काढलं एड हेड्रिक यांनी, आणि पहिला कायमचा कोर्स १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला. हेड्रिक २००२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या डिस्क बनवल्या गेल्या. झाडावर अडकलेली डिस्क बघताना मला हे नेहमी आठवतं.

पिशवीत काय घ्यायचं, काय गाडीत ठेवायचं

तीन डिस्क पुरतात: जवळच्या फेकीसाठी एक पटर, मधल्या अंतरासाठी एक मिडरेंज, लांबच्यासाठी एक फेअरवे ड्रायव्हर. डिस्कवर बहुतेक वेळा चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. म्हणजे किती वेगाने टाकली तर ती नीट उडेल, हवेत किती तरंगेल, सुरुवातीला किती वळेल आणि शेवटी उलट्या बाजूला किती कलेल. इनोव्हा कंपनीचा एव्हिअर हा पटर २, ३, ०, १ असा आहे. डिस्क्राफ्टची बझ ही मिडरेंज ५, ४, उणे १, १. इनोव्हाची लेपर्ड हा फेअरवे ड्रायव्हर ६, ५, उणे २, १. हीच घ्या असं नाही, पण आकडे साधारण असे असले तर झाडीत निभतं.

बारा-तेरा स्पीडचे ड्रायव्हर मात्र गाडीत ठेवा. दुकानात तेच सगळ्यांत आकर्षक दिसतात आणि नवखा माणूस हटकून तेच उचलतो. त्यांना जो वेग लागतो तो आपल्या हातात नसतो. मग डिस्क सरळ न जाता लगेच डावीकडे खाली उतरते, आणि झाडीत डावीकडे काय असतं? आणखी झाडं.

रंगाचा विचार दुकानातच करा. हिरवी डिस्क झाडीत टाकणं म्हणजे ती दान करणं. लाल, नारिंगी आणि पिवळी उन्हाळ्यात छान दिसते, पण ऑक्टोबरमध्ये मेपलची पानं पडली की त्याच रंगात मिसळून जाते. झळझळीत गुलाबी बारा महिने चालते. पानगळीत फिकट निळीही बरी दिसते.

प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला कायम टिकणाऱ्या मार्कर पेनने नाव आणि फोन नंबर लिहा. संकोच करू नका, सगळे लिहितात.

पाण्यासाठी तरंगणाऱ्या डिस्क मिळतात. इनोव्हाचा ड्रॅगन हा ड्रायव्हर तरंगतो, हायड्रा हा पटर तरंगतो. बाकी बहुतेक डिस्क दगडासारख्या बुडतात. तरंगणारी एक जवळ असायला हरकत नाही, पण एक धोका सांगतो. पाणी दिसलं की लोक पिशवीतली जुनी, कधीच न वापरलेली डिस्क काढतात. गेली तर गेली म्हणून. ती कशी उडते हेच माहीत नसतं, त्यामुळे ती जातेच. पाण्यावरून टाकायची ती हाताला सवय असलेली डिस्क. ती गमवायची तयारी नसेल तर तळ्याला वळसा घालून खेळा, पण अनोळखी डिस्क काढू नका.

याशिवाय पकड असलेले बूट, जुना टॉवेल (ओली डिस्क हातातून निसटते आणि भलत्याच दिशेला जाते), पाण्याची बाटली, आणि डिस्क पडली ती जागा दाखवायला मार्कर म्हणून छोटी चकती.

घरामागे आठवडाभर

कोर्सवर जाण्याआधी अंतराचा नव्हे, दिशेचा सराव करा. मोकळ्या जागेत तीन मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा आणि पंधरा मीटरवर उभं राहून त्यांच्या मधून डिस्क काढायचा प्रयत्न करा. तीन मीटर म्हणजे खोलीएवढी रुंदी, वाटतं सोपं आहे. पण पंधरा मीटरवरून त्याचा अर्थ असा की तुमची दिशा डावीउजवीकडे सहा अंशांपेक्षाही कमी चुकली पाहिजे. दहापैकी सहा वेळा जमलं तरी खूप झालं.

हे धावत येऊन करू नका. जागेवर उभं राहून, फार तर एक पाऊल टाकून, साठ-सत्तर टक्के जोर लावून करा. जोर वाढला की हात लवकर तरी सुटतो किंवा उशिरा तरी. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) टाकताना डिस्क उशिरा सुटली तर थेट उजवीकडच्या झाडात जाते. ही नवख्यांची सगळ्यांत नेहमीची चूक, आणि ती जवळजवळ नेहमी जास्त जोरामुळेच होते.

बॅकहँडबरोबर फोरहँडही (हात अंगाच्या बाजूने पुढे आणत टाकायची फेक) थोडा शिकून घ्या, निदान तीस-चाळीस मीटरचा. कारण पुढे येतं.

टीवर उभं राहिल्यावर

आधी फलक वाचा. त्यावर होलचा आराखडा, फुटांमध्ये अंतर, पार (त्या होलसाठी अपेक्षित फेकींची संख्या) आणि पाण्याबद्दलची सूचना असते. २५० फूट म्हणजे सुमारे ७६ मीटर. फलकावर एखाद्या झाडाशेजारी बाण दाखवला असेल तर तो मँडो, म्हणजे त्या झाडाच्या त्याच बाजूने डिस्क गेली पाहिजे. बास्केट दिसत नसेल तर सरळ चालत पुढे जाऊन बघून या. मागे कुणी थांबलं नसेल तर यात लाज कसली? आंधळ्या वळणाच्या होलवर आमच्यातला एक जण पुढे जाऊन झाडाआड उभा राहतो आणि डिस्क कुठे पडली ते बघतो. या एका सवयीने जितक्या डिस्क वाचतात तितक्या कौशल्याने वाचत नाहीत.

आता उडण्याचं थोडं शास्त्र, कारण याशिवाय पुढचं काही कळणार नाही. उजव्या हाताने बॅकहँड टाकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. पुढे जाण्याचा वेग उतरला की ती डावीकडे कलते आणि डावीकडे पडते. फोरहँडचं नेमकं उलट, ती शेवटी उजवीकडे जाते. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं. असं का होतं? फिरत्या भोवऱ्याला बोटाने ढकलून बघा. तो ढकललेल्या दिशेला न पडता आडवा कलतो. वेग उतरल्यावर हवा डिस्कचं नाक वर उचलू पाहते आणि फिरती डिस्क मागे कलंडायच्या ऐवजी बाजूला कलते. लहानपणी भोवरा फिरवलेल्यांना हे समजायला वेळ लागत नाही.

मग फेकीचं नियोजन. इथे नवखा माणूस बास्केटकडे बघतो, आणि तिथेच चुकतो. बास्केट विसरा. पहिल्या वीस मीटरमधली झाडं बघा. डिस्क ज्या फटीतून जायची आहे ती फट निवडा, तिला खेळाडू गॅप म्हणतात. जवळच्या झाडाला लागलेली फेक जवळजवळ पूर्ण वाया जाते. साठ मीटरवरच्या झाडाला लागली तर तुम्ही साठ मीटर पुढे आलेलेच असता. म्हणून दूरच्या झाडांची काळजी सोडा आणि जवळची मोठ्यात मोठी फट घ्या, जरी ती बास्केटच्या दिशेला नसली तरी. फटीतून निघाल्यावर डिस्क डावीकडे कलणार की उजवीकडे, हे तुम्हाला माहीत आहेच. रस्ता डावीकडे वळत असेल तर बॅकहँड, उजवीकडे वळत असेल तर फोरहँड. फोरहँड शिका म्हटलं ते यासाठी.

फट निवडली की नजर त्या फटीच्या मधल्या पोकळीवर ठेवा, झाडाच्या बुंध्यावर नको. ज्याच्याकडे बघाल तिकडेच हात जातो. मी हे सांगतो खरा, आणि दर आठवड्याला एकदा तरी बुंध्याकडेच बघतो.

आणि डिस्क हातातून सोडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ही चुकली तर कुठे जाईल? चांगली गेली तर कुठे जाईल ते सगळ्यांनाच कळतं. या खेळात निम्म्या फेकी तरी मनासारख्या जात नाहीत, त्यामुळे चुकलेली फेक कुठे थांबते यावरच शेवटी आकडा ठरतो. डावीकडे पाणी आणि उजवीकडे विरळ झाडी असेल तर उजवीकडे चुका. दोन्हीकडे दाट असेल तर छोटी टाका. साठ मीटरच्या होलवर पटरने तीस-तीस मीटरच्या दोन फेकी आणि एक पट (जवळून बास्केटमध्ये टाकायची फेक), झाले तीन, म्हणजे पार. कुणी हसणार नाही. हसलं तर हसू दे.

पाणी

झाड डिस्क परत देतं, पाणी देत नाही. म्हणून पाण्यासमोर हाताला कंप सुटतो, आणि कंप सुटलेला माणूस जास्त जोर लावतो. डिस्कचं नाक वर जातं, ती हवेत चढते, थांबते आणि डावीकडे उतरून डुबुक. यावर उपाय एकच. जोर वाढवायचा नाही, तळं पार होईल याची खात्री नसेल तर तळं ओलांडायचंच नाही.

खात्री कशी करायची? तुमची फेक खरोखर किती जाते ते मैदानावर पावलांनी मोजून ठेवा. सगळ्यांत लांब गेलेली नको, दहापैकी आठ वेळा जेवढी जाते तेवढी धरा. मी स्वतःला ऐंशी मीटरवाला समजत होतो. मोजल्यावर निघाले साठ. पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासतं, कारण मध्ये नजर अडायला काही नसतं. त्यामुळे पलीकडचा काठ पन्नास मीटरवर असेल आणि तुमची भरवशाची फेक साठची असेल तरच टाका.

वाराही बघा. समोरून वारा असेल तर डिस्क आणखी वर उचलली जाते आणि बॅकहँडला जास्त उजवीकडे वळते. मागून वारा असेल तर ती लवकर खाली बसते आणि डावीकडे जास्त कलते. मागून वारा म्हणजे फुकटचं अंतर असं समजून तळ्यात टाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. गवताच्या दोन काड्या उडवून बघायला पैसे पडत नाहीत.

आता जी गोष्ट मला कळायला दोन उन्हाळे लागले ती. पाणी समोर आडवं आहे की बाजूने उभं आहे, यावर सगळा डाव बदलतो. नियम असा की डिस्क हद्दीबाहेर गेली तर ती शेवटची हद्दीत कुठे होती तिथे तुम्ही येऊ शकता. समोर आडवं तळं असेल तर ती शेवटची जागा म्हणजे अलीकडचा काठ. दंड बसला, आणि तेच तळं पुन्हा समोर. पाणी डाव्या हाताला लांबपर्यंत पसरलेलं असेल तर मात्र डिस्कने काठ कुठे ओलांडला याला महत्त्व येतं. जमिनीवरून उडत जाऊन शेवटी शेवटी डावीकडे कलत पाण्यात पडली तर तुम्ही बास्केटच्या जवळपास पोचलेले असता, फक्त एक दंड घेऊन. पण सुरुवातीलाच पाण्यावर काढून ती परत जमिनीवर वळेल या आशेने टाकली आणि ती वळली नाही, तर शेवटची हद्दीतली जागा म्हणजे जवळजवळ टी. दोन्ही डिस्क पाण्यातच गेल्या, पण एक फुकट गेली आणि एक अर्धी वाचली. म्हणून पाणी बाजूला असेल तेव्हा डिस्क शक्य तितका वेळ जमिनीवरूनच उडवा. त्याहून चांगलं म्हणजे डावीकडे पाणी असेल तर फोरहँड, सरळ जमिनीवरून. ती शेवटी पाण्यापासून दूरच जाते.

पाण्याचे नियम, जेवढे लागतात तेवढे

या खेळाचे नियम पीडीजीए ही संघटना ठरवते. ती १९७६ मध्ये स्थापन झाली, तीही हेड्रिक यांनीच. मित्रांबरोबर सहज खेळताना कुणी नियमपुस्तक काढत नाही, पण पाण्याकाठी वाद हमखास होतात म्हणून एवढं माहीत असावं.

पाणी दिसलं म्हणजे ती आपोआप हद्दीबाहेरची जागा होत नाही. कोर्सच्या फलकावर किंवा स्पर्धेच्या सूचनांत तसं सांगितलेलं असावं लागतं. सांगितलं असेल तर ती ओबी. खेळाडू आउट ऑफ बाउंड्सला ओबीच म्हणतात. सांगितलेलं नसेल, पावसाचं डबकं असेल, तर बास्केटपासून दूर, मागे मागे येत पहिल्या कोरड्या जागेवरून विनादंड खेळता येतं.

डिस्क ओबी केव्हा? पूर्णपणे ओबीने वेढलेली असेल तेव्हा. तिचा एवढासा भाग काठाच्या आत असला तरी ती हद्दीत. सीमारेषा स्वतः मात्र ओबीतच मोजतात. आणि तरंगणारी डिस्क? ती फक्त पाण्याच्या हालचालीने हलत असेल तर नियमाच्या दृष्टीने थांबलेलीच आहे. ओढ्यातून वाहत वाहत बास्केटपाशी आली तरी उपयोग नाही.

ओबी झाली की दंडाची एक फेक धरायची. मग एक तर आधीच्याच जागेवरून पुन्हा टाकायचं, किंवा डिस्क शेवटची जिथे हद्दीत होती तिथून सीमारेषेला काटकोनात एक मीटरपर्यंत आत यायचं. काही होलवर वेगळी ठरवून दिलेली जागा असते, तिला ड्रॉप झोन म्हणतात. मोजणीत नवखे हमखास गडबडतात. टीवरून टाकली ती एक, दंडाची एक, म्हणजे काठावरून आता जी टाकणार ती तिसरी.

हा एक मीटर डिस्क पाण्यात गेली नसेल तरी कामाला येतो. डिस्क हद्दीत पण काठापासून मीटरभराच्या आत पडली असेल तर विनादंड सीमारेषेपासून मीटरभर आत सरकता येतं. निसरड्या काठावर एका पायावर उभं राहून टाकायची गरज नाही. मला हे माहीत नव्हतं, त्यामुळे एकदा डिस्क हद्दीत राहिली आणि मी पाण्यात गेलो.

कुठे कुठे पाण्याला नुसतं हॅझर्ड म्हटलेलं असतं. तिथे दंड एकच, पण डिस्क आहे तिथूनच खेळायचं. हे उथळ, दलदलीच्या जागी जास्त दिसतं.

झाडाला लागली. आता?

लागणारच. बहुतेक वेळा डिस्क आत, झुडपांत जाऊन पडते. आत गेल्यावर बास्केटच्या दिशेला पानांमधून वहीएवढी एक फट दिसते. ती फट हा सापळा आहे. तिच्यातून डिस्क काढायची शक्यता तुमची-आमची दहात एक. लागली की आणखी आत.

शहाणा माणूस मागे वळतो. फेअरवेकडे (टी ते बास्केटमधल्या मोकळ्या वाटेकडे) जाणारी सगळ्यांत मोकळी दिशा शोधतो, मग ती आडवी असो की थोडी मागे असो, आणि पटरने दहा मीटर टाकून बाहेर येतो. पार तीनच्या होलवर याने फार तर चार होतात. फटीतून काढायला गेलो तर सहा. मी हा हिशेब स्वतःच्या जुन्या स्कोअरकार्डांवर करून पाहिला, आणि त्यानंतर माझा आकडा जितका उतरला तितका कुठल्याही नव्या डिस्कने उतरला नव्हता.

उभं राहण्याचे नियम थोडे पाळायचे असतात. पडलेल्या डिस्कच्या पुढच्या कडेला, बास्केटच्या बाजूला टेकवून मार्कर ठेवायचा आणि डिस्क उचलायची. मार्करच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल एवढी जागा तुमची. टाकताना पाय, गुडघा, काहीतरी तिथे टेकलेलं हवं. गुडघ्यावर बसून टाकायला बंदी नाही, खालून फांद्यांखाली डिस्क काढायला ते सोयीचंच पडतं. फांद्या मोडायच्या नाहीत, बांधून ठेवायच्या नाहीत, धरून बाजूला करायच्या नाहीत. पाय ठेवायच्या जागेवर पडलेल्या सुट्या काटक्या, पानं, दगड मात्र हलवता येतात. मोठं झाड मार्करच्या नेमकं मागे आलं आणि उभंच राहता येत नसेल तर बास्केटच्या रेषेत त्या झाडाच्या मागे उभं राहता येतं.

डिस्क वरच अडकली तर? तिच्या थेट खालच्या जमिनीवरून खेळायचं, दंड नाही. दोन मीटरपेक्षा उंच अडकली तर दंड असा एक नियम आहे, पण तो स्पर्धेत आधी जाहीर केला असेल तरच लागू. अडकलेली डिस्क पाडायला आपली दुसरी आवडती डिस्क फेकू नका. मग दोन्ही वर राहतात. हे मी पाहिलेलं नाही, केलेलं आहे.

फेक लोकांच्या दिशेने जातेय असं वाटलं तर जोरात ‘फोर!’ ओरडा. झाडीत पलीकडच्या फेअरवेवर कोण आहे ते दिसत नाही.

तळ्याकाठचं बास्केट

कोर्स आखणाऱ्यांना बास्केट पाण्याच्या काठाला, उतारावर ठेवायला फार आवडतं. अशा ठिकाणी हुकलेला पट कडेवर उभा राहतो आणि चाकासारखा घरंगळत थेट पाण्यात जातो. म्हणून बास्केटच्या मागे पाणी असेल आणि तुम्ही आठ-दहा मीटरवर असाल तर जोरात पट करण्याआधी विचार करा. मऊ, सपाट टाकून बास्केटखाली थांबवा आणि पुढची हातभरावरून आत घाला. एक फेक जाते, पण दोन वाचतात. लांबून येतानाही ड्रायव्हर नको, तो जमिनीला लागून घसरत पुढे जातो. पटर सपाट टाकला तर बसतो.

बास्केटपासून दहा मीटरच्या आत असताना फेकल्यावर तोल सावरेपर्यंत मार्करच्या पुढे पाऊल जाता कामा नये. एवढं लक्षात ठेवा.

हरवलेली डिस्क

नियमाने शोधायला तीन मिनिटं. मिळाली नाही तर दंडाची एक फेक, आणि आधीच्या जागेवरून पुन्हा. सहज खेळताना आम्ही इतके कडक नसतो, पण मागे लोक थांबले असतील तर त्यांना हात करून पुढे जाऊ देतो आणि मग शोधतो.

शोधायची पद्धत आहे. डिस्क नजरेआड होताना ज्या झाडाशेजारी होती ते झाड लक्षात ठेवा आणि नजर न हटवता त्याच्याकडे चालत जा. आधी बॅग उचलू, मग जाऊ असं केलं की सगळी झाडं सारखीच दिसायला लागतात. पानगळीत पायाने पानं उडवत जाऊ नका, डिस्क आणखी खाली जाते. पायाखाली टणक काही लागतंय का बघत सावकाश चाला.

पाण्यात गेलेली डिस्क उथळ काठाला दिसत असेल तर दोरी बांधलेलं दाताळं टाकून ओढता येते. तळ्यात उतरू नका. तळाचा गाळ मांडीपर्यंत खेचतो, आणि इथल्या तळ्यांत स्नॅपिंग टर्टल नावाची कासवं असतात जी नावाप्रमाणेच वागतात.

गोचीड आणि बिब्बा

भारतातून नव्याने आलेल्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. इथल्या झाडीत बारीक गोचीड असते, तिच्यापासून लाइम हा आजार होतो. त्याचं नावच शेजारच्या कनेटिकटमधल्या गावावरून पडलंय. पूर्ण पँट घाला, मोज्यांत खोचा. कसा दिसतो अवतार याची पर्वा करू नका. घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांत तपासा आणि अंघोळ करा. चावलेली गोचीड लवकर काढली तर आजाराचा धोका बराच कमी होतो, म्हणून त्याच दिवशी बघणं महत्त्वाचं. चिमट्याने कातडीजवळ पकडून सरळ वर ओढायची.

दुसरी पॉयझन आयव्ही. एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ जरा लांब, वेल झाडावर चढलेली किंवा जमिनीवर पसरलेली. हिच्या तेलाने अंगावर फोड येतात. कोकणातल्या माणसाला एका वाक्यात समजतं: बिब्बा उततो तसं. आणि हे नुसतं साम्य नाही, पॉयझन आयव्ही खरोखरच बिब्बा, काजू आणि आंब्याच्या कुळातली आहे. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ सुजतात त्यांनी विशेष जपावं. हे तेल डिस्कलाही लागतं, आणि मग डिस्कवरून हाताला, हातावरून चेहऱ्याला. झुडपातून डिस्क काढली तर घरी ती साबणाने धुवा. माझ्या बायकोने एकदा माझी पिशवी नुसती आवरून ठेवली आणि आठवडाभर हात खाजवत बसली. त्या दिवसापासून पिशवी गॅरेजमध्ये असते.

सापडलेली डिस्क

कुणाची डिस्क मिळाली तर नंबर बघा आणि मेसेज करा. गावातल्या कोर्सची असेल तर भेटून देता येते. काही कोर्सवर सापडलेल्या डिस्कची पेटी असते, तीत टाकली तरी चालते. बहुतेक लोक म्हणतात, ठेव तुझ्याकडे. पण काही डिस्क लोकांना हव्या असतात, आणि त्यांना त्या मिळाल्या की ते फोनवर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

पहिल्या फेरीत पाण्यात गेलेल्या माझ्या दोन डिस्कपैकी गुलाबी बझ आठ महिन्यांनी परत आली. तळ्याची पातळी उतरली होती, कुणीतरी ती काठावरून उचलली आणि मला फोटो पाठवला. कडेला शेवाळ होतं आणि नंबरचे शेवटचे दोन आकडे जेमतेम वाचता येत होते. या शनिवारी जाण्याआधी सगळ्या डिस्कवरचे नंबर पुन्हा गडद करायचे आहेत.